आउटडोअर लीडरशिपचं शिक्षण: साताऱ्यातून अर्ज करताना पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

बारावीचा निकाल लागला की डोंगरवेड्या मुलामुलींच्या घरात एक विषय निघतोच. पोरगी दर रविवारी गडावर असते, ग्रुप सांभाळते, दोर-गाठी जाणते. मग यातच पुढे शिकता येतं का? येतं. जगातल्या बऱ्याच विद्यापीठांत रिक्रिएशन आणि आउटडोअर लीडरशिप हा रीतसर पदवीचा विषय आहे. माणसांचा गट बाहेर नेऊन सुखरूप परत आणणं, धोक्याचा अंदाज, प्रथमोपचार, नकाशावाचन, निसर्गाला इजा न होऊ देता शिबिर चालवणं, हिशेब आणि व्यवस्थापन, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे या नावाची पदवी शोधायला गेलात तर हाताशी फारसं काही लागत नाही. इथे वाट दोन भागांत चालावी लागते: एक विद्यापीठाची पदवी आणि तिच्या जोडीला सरकारी गिर्यारोहण संस्थांचे अभ्यासक्रम.

अर्ज भरायला एक दिवस पुरतो, पण त्याला जोडायची फाईल तयार व्हायला दोन वर्षं लागतात. म्हणून ही माहिती अकरावीत वाचली तर जास्त उपयोगाची.

पहिला अर्ज: बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स

पदवी कुठलीही घ्या, देशात किंवा परदेशात, बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स म्हणजे बीएमसी केलेला असेल तर तुमच्या अर्जाला वजन येतं. हा कोर्स देणाऱ्या प्रमुख संस्था म्हणजे दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग म्हणजे निम (१९६५), मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था आणि पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट. निमचा बीएमसी २८ दिवसांचा असतो, बाकीच्यांचाही साधारण तेवढाच. क्लबांचं आठ-दहा दिवसांचं प्रस्तरारोहण शिबिर चांगलंच असतं, पण त्याचं प्रमाणपत्र बीएमसीच्या जागी चालत नाही. यात पुष्कळ जणांची गल्लत होते.

किमान वय संस्थेप्रमाणे थोडं बदलतं, सोळा-सतराच्या आसपास. शिक्षणाची मोठी अट नाही. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावरून होतो आणि तारखा निवडून जागा धरावी लागते. कोर्स मुख्यतः पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होतात. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि एप्रिल-मेच्या तुकड्यांवर देशभरातल्या मुलांचा डोळा असतो. त्यामुळे परीक्षा संपल्यावर शोधायला बसलात तर त्या भरलेल्या सापडतील. बारावीची दिवाळी झाली की जागा धरून टाका.

कागदपत्रांत वयाचा पुरावा, आधार, फोटो, फी भरल्याची पावती ही नेहमीची मंडळी आहेत. खरी दोन कागदपत्रं वेगळीच. पहिलं वैद्यकीय प्रमाणपत्र. ते संस्थेच्याच नमुन्यावर लागतं, डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं "फिट आहे" हे एका ओळीचं पत्र चालत नाही. एमबीबीएस डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही हवेत. दमा, फिट्स, जुनं फ्रॅक्चर, चालू असलेली औषधं यातलं काहीही लपवू नका. तीन-चार हजार मीटरच्या वर शरीर सगळं उघडं करतं, आणि तिथे लपवलेल्या आजाराची किंमत आख्ख्या दोरावरच्या माणसांना मोजावी लागते.

दुसरं जोखीम स्वीकारल्याचं हमीपत्र. अठरा वर्षांखालील असाल तर आई-वडिलांची लेखी संमतीही. इथे पालकांना एक कळकळीची विनंती आहे. हा कागद घाईघाईत सही करण्याचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा २ या शिखरावर निमच्या प्रगत कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जणांचा जीव गेला. त्यात शिकणारे होते, शिकवणारेही होते. देशातल्या नावाजलेल्या संस्थेतही असं घडू शकतं, हे मुलासमोर बसून बोला, विमा काय आहे ते विचारा, आणि मग सही करा. भीती घालायची म्हणून हे सांगत नाही. धोका समजून घेतलेल्या घरातली मुलं डोंगरात जास्त जबाबदारीने वागतात, असं माझं ठाम मत आहे.

बीएमसीत 'ए' ग्रेड मिळाली तरच पुढचा प्रगत कोर्स करता येतो, आणि तिथेही 'ए' मिळाली तरच प्रशिक्षक होण्याचा, मेथड ऑफ इन्स्ट्रक्शनचा. म्हणजे नुसतं पार पडणं पुरेसं नाही. पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन अजिंक्यताऱ्याची चढण आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने, न थांबता चढता आली पाहिजे. यवतेश्वरच्या घाटात पळण्याचा सराव असेल तर दम पुरतो, पण ओझ्याची सवय वेगळी लागते.

कॉलेजमध्ये एनसीसी असेल तर आधी तिथे चौकशी करा. एनसीसीच्या छात्रांना याच संस्थांतल्या कोर्सना पाठवलं जातं. जागा मोजक्या असतात, निवड कडक असते, पण खर्चाचा भार जवळजवळ उतरतो.

पदवी: आपल्याकडचे पर्याय

सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. इथे आधी कुठलीही पदवी घेऊन नंतर बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करणं हा एक सरळ मार्ग. बी.पी.एड. दोन वर्षांचं. पदवीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ५ टक्के सवलत आहे. शिवाय शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन पातळीवर मान्यताप्राप्त खेळात भाग घेतल्याचं प्रमाणपत्र हवं. ट्रेकिंगची प्रमाणपत्रं कितीही असली तरी ती स्पर्धेची नसतात, म्हणून या रकान्यात बसत नाहीत. कबड्डी, ॲथलेटिक्स, खो-खो, काहीही एक शाळेपासून धरून ठेवा. स्पोर्ट क्लाइंबिंग टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तर ते ग्राह्य धरतात का, हे कॉलेजला लेखी विचारून घ्या. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो: लेखी परीक्षा ऑनलाइन, आणि मैदानी चाचणी प्रत्यक्ष. मैदानी चाचणी चुकली की लेखीचे गुण वाया जातात.

पर्यटनाकडे ओढा असेल तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंटची बीबीए पदवी आहे. मुख्य केंद्र ग्वाल्हेरला. याच संस्थेच्या छत्राखाली गोव्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स चालते आणि जीवरक्षण, बोट चालवणं यांचे छोटे कोर्स देते. शिवसागर जलाशयाच्या काठावर किंवा कृष्णेच्या पाण्यात पुढे काही करायचं स्वप्न असेल त्याने ते जरूर करावेत. पुणे विद्यापीठानेही गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूटच्या साथीने गिर्यारोहण आणि संलग्न खेळांची पदविका सुरू केली आहे; साताऱ्याहून ये-जा करण्याच्या टप्प्यात येणारा हा पर्याय आहे. त्या वर्षीची जाहिरात विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागाकडून पाहून घ्या.

या सगळ्यांना लागणारे दाखले नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय व अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. यातले अधिवास, उत्पन्न, जात आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून मिळतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती बघून घ्या. जात वैधतेचा अर्ज मात्र बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. जून-जुलैत त्या कार्यालयात उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते बोर्डाच्या कोल्हापूर विभागाकडून येतं. आधार, गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का, हे आज रात्रीच ताडून बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

परदेशी पदवी: ब्रिटनचं उदाहरण

एकच देश नीट समजून घेऊ. ब्रिटनमध्ये कंब्रिया विद्यापीठाचा अँबलसाइडचा परिसर थेट लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत आहे आणि तिथे बाहेरच्या नेतृत्वाचं शिक्षण पदवीपातळीवर दिलं जातं. पदवीचा अर्ज यूकास या तिथल्या सामाईक प्रवेश-व्यवस्थेच्या एकाच खिडकीतून जातो आणि मुख्य मुदत जानेवारीत असते. म्हणजे बारावीचे गुण हाती यायच्या आत अर्ज गेलेला असतो. शिक्षकांनी दिलेले अपेक्षित गुण आणि शिफारसपत्र त्यात जातं. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना तुमची डोंगरातली कामगिरी ठाऊकच नसेल तर ते काय लिहिणार? त्यांना तुमची डोंगरातल्या अनुभवांची नोंदवही (तिच्याबद्दल पुढे सांगतो) आधी वाचायला द्या.

२०२६ च्या प्रवेशापासून यूकासचं वैयक्तिक निवेदन तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का, अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा. आपल्या मुलांची ताकद तिसऱ्या प्रश्नात आहे.

ऑफर पक्की झाल्यावर विद्यापीठ कॅस नावाचा क्रमांक देतं, त्यावर व्हिसा. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा विद्यापीठ मान्य करेल ती परीक्षा, क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र, आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम), आणि पैशांचा पुरावा. पहिल्या वर्षाची उरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एकविसाव्या दिवशी कुणाच्या लग्नासाठी पैसे काढले आणि रक्कम खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शैक्षणिक कर्ज काढत असाल तर बँकेचं मंजुरीपत्र या पुराव्याच्या जागी चालू शकतं, म्हणून ते वेळेत मागा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: नोंदवही

ब्रिटनमध्ये माउंटन लीडर ही पात्रता मिळवायची तर प्रशिक्षणाला बसण्याआधी २० आणि मूल्यमापनाआधी ४० दर्जेदार डोंगर-दिवस नोंदवलेले लागतात. दर्जेदार म्हणजे अनोळखी मुलूख, पाच तासांपेक्षा जास्त वेळ, आणि वाट काढण्याचे निर्णय स्वतः घेतलेले. सह्याद्रीतले दिवस तिथे तसेच्या तसे धरत नाहीत, पण मोजमाप म्हणून ही अट फार चांगली आहे. ओळखीच्या वाटेने सज्जनगडावर पन्नासदा जाणं भक्तीचं काम आहे, अनुभवाच्या वहीत ती एकच नोंद ठरते.

नोंद कशी असावी? "वासोटा केला, खूप मजा आली, फोटो छान" हे परीक्षकाला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: "बामणोलीला वन विभागाची परवानगी, मग बोटीने मेट इंदवली. बारा जण, त्यातले चौघे पहिल्यांदाच. मी शेवटाला होतो. अर्ध्या चढात एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले. सॅक दोघांत वाटली, मीठ-साखरेचं पाणी दिलं, वीस मिनिटं थांबलो. नागेश्वरला जायचं ठरलं होतं, पण परतीची बोट आणि उजेड यांचा हिशेब बसेना म्हणून मी ते रद्द करायला सुचवलं. लीडरने मान्य केलं. पुढच्या वेळी नवख्यांचा बूट आणि पाण्याची बाटली निघण्याआधी तपासायची." तारीख, हवामान, साधारण अंतर, सोबतच्या लीडरची सही. परवानगीची पावती मागे चिकटवा. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. ती पावती तुम्ही नियम पाळून गेल्याची साक्ष आहे. असा एक कागद दहा छापील प्रमाणपत्रांहून भारी.

वहीला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडा. १६ तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट एड, म्हणजे दवाखान्यापासून दूर रानात द्यायच्या प्रथमोपचाराचा कोर्स, सुरुवातीला पुरतो. पुढे याच क्षेत्रात काम करायचं पक्कं असेल तर ७० ते ८० तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर करावा. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांनी संपते, तेव्हा अर्जाच्या दिवशी ते चालू असेल अशा बेताने करा.

घरचे विचारतील, या शिक्षणावर पोट भरेल का. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं आवश्यक झाली. पाचगणीचं पॅराग्लायडिंग, कासचा हंगाम, महाबळेश्वरची शिबिरं, शाळांच्या सहली, सगळीकडे प्रमाणपत्रधारक माणसाची मागणी त्यामुळे वाढती आहे. पगार पहिल्या वर्षी थोडा असतो आणि काम हंगामी असतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. याच साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा सर केलं. सगळ्यांनी शिखरवीर व्हावं असं नाही. तिच्यासारख्यांच्या पाठोपाठ डोंगरात येणाऱ्या शेकडो लोकांना सुखरूप नेऊन आणणारी माणसं आज कमी पडतायत, आणि हे शिक्षण त्यांच्यासाठीच आहे.

आता क्रम. अकरावीच्या जूनमध्ये वही सुरू करा, नावांची पडताळणी करा, पासपोर्टचा अर्ज टाका. अकरावीच्या सुट्टीत प्रथमोपचार. बारावीच्या जून-जुलैत जात वैधता. परदेशी जायचं असेल तर ऑक्टोबरपर्यंत इंग्रजीची परीक्षा आणि यूकासचं निवेदन. दिवाळीनंतर बीएमसीची जागा. परीक्षेनंतर महिनाभर ओझं घेऊन सराव आणि मग कोर्स. निकालाच्या सुमारास मूळ कागदपत्रांच्या प्रतींचे दोन संच साक्षांकित करून आणि एक स्कॅन करून ठेवा, आणि कोर्सहून आलेलं ग्रेडचं पत्र हाती पडलं की त्याच दिवशी स्कॅन करून त्या डिजिटल संचातही टाका, कारण मूळ प्रत हरवली तर दुसरी मागवायला पुन्हा उत्तरकाशी-मनालीशी पत्रव्यवहार करावा लागतो.