काढणीपश्चात नासाडी : फळे व भाजीपाला

काढणीनंतर ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत फळे व भाजीपाल्याची प्रत, वजन आणि पोषणमूल्य यांत होणारी घट म्हणजे काढणीपश्चात नासाडी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर, पण किरकोळ दुकानात पोचण्याआधीच वाया जाते. फळे-भाज्यांत हे प्रमाण याहून जास्त आहे. त्यांच्याबरोबर पाणी, खत आणि माणसांची मेहनतही मातीत जाते.

खुडलेले फळ जिवंत असते. पेशींचे श्वसन चालूच राहते. मात्र मुळांकडून पाणी आणि पानांकडून साखर मिळणे थांबलेले असते. त्यामुळे साठा खर्च होत जातो आणि ऊतक सैल पडते. तापमान १०° से. वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. वाटाणा, मधुमका, पालक यांचे श्वसन जोरात चालते, म्हणून ती लवकर उतरतात. बटाटा व कांदा यांचे संथ असते. पाण्याचे नुकसानही तितकेच महत्त्वाचे. वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी पालेभाजी कोमेजून विक्रीयोग्य राहत नाही. बहुतेक मालाला ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, पण कांदा-लसणाला ६५ ते ७० टक्केच हवी, नाहीतर त्यांना मोड आणि कुज लागते.

नासाडी रोखण्याची खरी सुरुवात हाताळणीपासून होते. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षितही. लिंबूवर्गीय फळांवरील हिरवी बुरशी जखमेतूनच आत शिरते. म्हणजे ओरखडा टळला तर रोगही टळतो. सकाळच्या गारव्यात काढणी, देठ ओढण्याऐवजी कात्रीने कापणे, माल सावलीत ठेवणे आणि गोणीऐवजी क्रेट वापरणे यांना फारसे भांडवल लागत नाही. आंब्यावरील करपा या बुरशीजन्य रोगाची गोष्ट वेगळी. त्याची बुरशी फळ झाडावर कोवळे असतानाच सालीत शिरून दबा धरते आणि फळ पिकू लागले की काळ्या डागांच्या रूपाने उघड होते. म्हणून बागेतील स्वच्छता आणि काढणीनंतर सुमारे ५२° से. गरम पाण्यात ५ ते १० मिनिटांची बुडवण या दोन्हींची गरज पडते.

पिकण्याची सूत्रे इथिलीन या वायूकडे असतात. त्याचा वनस्पतींवरील परिणाम रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबॉव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवला. फळे स्वतःच तो तयार करतात, हे आर. गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. केळी, आंबा, सफरचंद, टोमॅटो ही फळे पूर्ण वाढ झाल्यावर काढली तर नंतर पिकतात. द्राक्षे, संत्री, स्ट्रॉबेरी मात्र तोडल्यावर अधिक गोड होत नाहीत, तेव्हा ती घाईने काढण्यात अर्थ नाही. सफरचंदांशेजारी ठेवलेली काकडी पिवळी पडते आणि गाजर कडवट होते. एकाच खोलीत सगळा माल कोंबण्याची ही किंमत आहे. केळी पिकवण्यासाठी बंद खोलीत इथिलीनची अल्प मात्रा सोडणे सुरक्षित असते. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरसची संयुगे असू शकतात, त्यामुळे ती पद्धत निषिद्धच मानायला हवी.

थंडावा हे प्रमुख साधन असले, तरी शीतगृहात माल नेला की काम झाले, ही समजूत चुकीची आहे. शीतगृह थंड माल थंड ठेवण्यासाठी बांधलेले असते; शेतातली ऊब घालवायला ते फार वेळ लावते. त्यासाठी आधी पूर्वशीतकरण, म्हणजे साठवणीपूर्वी माल झटपट गार करणे, करावे लागते : क्रेटमधून गार हवेचा झोत, गार पाणी किंवा पालेभाज्यांसाठी निर्वात पद्धत (हवेचा दाब उतरवून पानांतले थोडे पाणी उडवत गार करणे). शिवाय उष्ण प्रदेशातील पिकांना जास्त थंडी बाधते. केळी १३° से.च्या खाली ठेवली तर साल करडी पडते व फळ नीट पिकत नाही. फार थंड ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळताना तो काळपट होतो.

दीर्घ साठवणीत हवेतील वायूंचे प्रमाणही बदलतात. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात यावर पायाभूत संशोधन केले. अशा कोठारात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १ ते ३ टक्क्यांवर आणतात आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतात. सफरचंदाचे काही वाण त्यात वर्षाच्या आसपास टिकतात. ऑक्सिजन फारच उतरला, तर फळ आतून आंबते.

वीज नसलेल्या ठिकाणी विटांची दुहेरी भिंत बांधून मधल्या जागेतील वाळू ओली ठेवतात. बाष्पीभवनाने आतला भाग गार व दमट राहतो आणि भाजी काही दिवस अधिक टिकते. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. दमट हवेत पाणी सावकाश उडते, त्यामुळे फरक थोडाच पडतो.