धुरातले शेंगदाणे

जुलैचा शेवटचा शनिवार होता. दादरच्या आमच्या गॅलरीत पावसाचे शिंतोडे येत होते आणि माझा भाचा खुर्चीत घामाघूम होऊन बसला होता. मित्राच्या लग्नात त्याला दोन सिगार मिळाल्या होत्या. त्यातली एक त्याने आयुष्यात पहिल्यांदा पेटवली आणि वीस मिनिटांत त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, लोक म्हणतात कॉफी लागते, कोको लागतो, लाकूड लागतं. मला नुसता जळका पुठ्ठा लागला. शिवाय गरगरतंय."

त्याला लिंबूसरबत दिलं आणि उरलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. बोटाने दाबला तर भिजवलेल्या खारकेसारखा मऊ. वरचं पान उभं उकललेलं, एक बाजू पुढे जळत गेलेली आणि दुसरी तशीच कच्ची. मी रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली, सिगार कधी ओढली नाही. पण त्याचा प्रश्न खरा होता. एका वाळक्या पानात कॉफी आणि कोको येतात तरी कुठून? आणि येत असतील, तर त्याला का सापडले नाहीत?

सुरुवात आम्ही श्रीखंडाने केली. फ्रिजमधलं केशर-वेलचीचं श्रीखंड त्याला दिलं आणि सांगितलं, नाक घट्ट दाबून खा. त्याला फक्त गोड आणि आंबट कळलं. मग नाक सोडायला सांगितलं, तशी वेलची एकदम डोक्यात शिरली. जिभेला मुळात मोजक्याच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्श्यातली ती मांसल चव. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो तोंडाच्या मागच्या वाटेने नाकात चढणारा वास असतो. नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आहेत. त्यातले कुठले एकाच वेळी जागे होतात, त्यावर मेंदू 'ही वेलची' किंवा 'ही कॉफी' असं ठरवतो.

सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो. मुरलेले लोक तो तोंडात घोळवतात आणि थोडासा नाकावाटे सोडतात. भाच्याने तो तोंडात घेऊन तसाच फुंकून टाकला होता. म्हणजे श्रीखंड त्याने नाक दाबूनच खाल्लं होतं.

तरीही मूळ प्रश्न उरतोच, कारण वास आधी पानात तयार व्हावा लागतो. हिरव्या तंबाखूच्या पानाला कॉफीचा वास येत नाही. तंबाखू हे वांगी, टोमॅटो, बटाटा आणि मिरचीच्या कुळातलं झाड. ताजं पान चोळलं तर हाताला चिकट लागतं आणि वास हिरवट, उग्र येतो. सिगारची पानं तोडली की हवेशीर कोठारात टांगतात. तोडल्यावरही पान काही दिवस जिवंत असतं. ते श्वास घेतं, साठवलेल्या पिष्टाची साखर करतं आणि तीच साखर जाळत जगतं. हिरवा रंग जातो, पिवळा वर येतो, मग तपकिरी. या सगळ्याला साधारण दीड-दोन महिने लागतात. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला गरम हवेच्या भट्टीत काही दिवसांतच वाळवतात, त्यामुळे त्यात साखर शिल्लक राहते. सिगारच्या पानात ती जवळजवळ संपलेली असते. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. वाळलेली पानं किंचित ओली करून त्यांचा छातीएवढा ढीग रचतात. आंब्याची अढी ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. गवतात हात घातला की आतली ऊब लागते, आंबे स्वतःच्याच श्वासाने तापलेले असतात. तंबाखूच्या ढिगातही तसंच होतं, फक्त इथे काम करतात पानातली विकरं आणि पानावरचे जिवाणू. आतलं तापमान पन्नास अंशांच्या आसपास चढतं. फार चढलं तर पान शिजून जातं, म्हणून ढीग मोडून आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करत पुन्हा रचतात. असं महिनोन्महिने चालतं.

ढिगाच्या आत प्रथिनं तुटतात आणि अमोनिया सुटतो. माझी आई निपाणीजवळच्या गावात वाढली. तिकडचा तंबाखू विडीचा, त्याची रीतही वेगळी, पण भाच्याची दुसरी सिगार न पेटवता तिच्या नाकाशी धरली तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "वखार." लहानपणी वखारीच्या दारात उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं, हेही तिने सांगितलं. सिगार नीट मुरलेली नसेल तर तिला गोठ्यासारखा वास येतो, तो याच अमोनियाचा. असा वास आला तर ती पेटवू नये. त्या ढिगाचं काम अजून संपलेलं नाही.

अमोनिया जात असताना दुसरं काहीतरी जमत असतं. गाजराला केशरी रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइडच्या कुटुंबातली द्रव्यं तंबाखूच्या पानातही असतात. त्यांचे लांब रेणू तुटले की लहान, उडून जाणारे तुकडे होतात. त्यातला एक डॅमासेनोन, जो गुलाबातही सापडतो. दुसरा आयोनोन, रासबेरीतला. चहाच्या सुगंधातही हे दोघे असतात. आणि आम्ही नुकतंच खाल्लेलं श्रीखंडातलं केशर? त्याचा वासही अशाच रंगद्रव्याच्या तुटण्यातून, केशर वाळताना तयार होतो. केशर आणि तंबाखू यांचं असं नातं असेल हे भाच्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही जेव्हा हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

कॉफी, कोको आणि भाजलेले शेंगदाणे येतात ते पायराझीन नावाच्या रेणूंमुळे. अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापली की ते बनतात. कढईत शेंगदाणे खमंग होतात ते यामुळेच. सिगारमध्ये याची थोडी तयारी ढिगात सावकाश होते आणि बरीचशी पेटल्यावर, विस्तवाच्या लगेच मागच्या पट्ट्यात. तिथे पान जळत नसतं, भाजलं जात असतं. म्हणून ओढण्याचा वेग महत्त्वाचा. घाईने झुरके मारले की विस्तव भडकतो, भाजण्याचा पट्टा करपतो आणि कढईतल्या करपलेल्या दाण्यांसारखा कडवटपणा तोंडात येतो. मिनिटाला एखादा झुरका पुरतो. भाचा सिगारेटच्या वेगाने ओढत होता.

आता गरगरण्याबद्दल. नवखा माणूस 'चवदार' शोधायला जातो आणि 'कडक' घेऊन येतो, ही गल्लत फार जुनी आहे. कडकपणा निकोटिनचा. चव त्या शेकडो उडत्या रेणूंची. झाडाच्या शेंड्याकडची पानं जास्त ऊन खातात, जाड होतात, त्यांत निकोटिन जास्त. बुडाकडची पानं पातळ, सौम्य आणि चांगली जळणारी. सिगार वळणारा यांचं मिश्रण आत भरतो, त्याला एका पानाने बांधतो आणि वरून सगळ्यात देखणं पान गुंडाळतो. वरचं पान काळपट दिसलं म्हणून सिगार कडक असते असं नाही. गडद पान बहुधा जास्त वेळ मुरवलेलं असतं आणि कित्येकदा गोडसर लागतं. कापडाच्या सावलीत वाढवलेलं फिकट पान पातळ आणि सौम्य असतं. नवख्याला त्यात बारीक वास वेगळे काढणं सोपं जातं, कारण निकोटिनचा तडाखा मधे येत नाही.

पण धूर गिळलाच नाही, तर निकोटिन अंगात गेलं कसं? याचं उत्तर आपल्या गावाकडच्या चंचीत आहे. तंबाखू मळताना त्याला चुना लावतात. चुना अल्कधर्मी. त्याच्या संगतीत निकोटिनच्या रेणूवरचा भार निघून जातो आणि तो गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात शिरतो. चुन्याशिवाय बार लागत नाही ही पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती शुद्ध रसायनशास्त्र आहे. सिगारच्या पानातली साखर संपलेली असते म्हणून तिचा धूर आम्लधर्मी होत नाही, वर अमोनियाचे अंश असतात, त्यामुळे तो अल्कधर्मी असतो. सिगारला वेगळा चुना लावावा लागत नाही. मोठ्या सिगारमध्ये पाच ते वीस ग्रॅम तंबाखू भरते; सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. म्हणून उपाशीपोटी मोठी सिगार पेटवणाऱ्याला थंड घाम, मळमळ आणि तोंडाला पाणी सुटणं ठरलेलं. भाच्याने दुपारी जेवणच केलं नव्हतं.

तरी जळका पुठ्ठा लागला त्याचा मोठा दोष आपल्या हवेचा. सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत आणि २० अंशांच्या आसपास ठेवायची असते. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. डब्याचं झाकण सैल राहिलं तर पापडाचं काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. तंबाखूचं पानही तसंच हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. मग धूर पुढे सरकायला वाट उरत नाही, विस्तवाची उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, सिगार सारखी विझते, आणि माणूस जोर लावून ओढतो. याहून ओली राहिली तर बुरशी धरते.

दुसरा शत्रू आपल्या स्वयंपाकघरातलाच. जुन्या हळदीत, धण्यात किंवा मिरचीपुडीत दिसणारा तो बारीक तपकिरी किडा आठवा. त्याचं शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, आणि जगभर तो ओळखला जातो सिगारेट बीटल म्हणून. मुंबईची ऊब त्याच्या अंड्यांना मानवते. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर तो आतून बाहेर पडून गेलेला असतो. साठवणारे लोक नवी सिगार पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवतात ते यासाठी.

भाच्याने घट्ट झाकणाचा डबा आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक आणला. तो खरं सांगतोय का, हे पाहायला आम्ही एक सोपा प्रयोग केला. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घेतलं, पाण्याचे थेंब टाकून त्याचा ओला लगदा केला आणि मापकासोबत पिशवीत सील करून रात्रभर ठेवलं. ओल्या मिठावरची बंद हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते, निसर्गाचा नियमच आहे तो. सकाळी मापक ७९ दाखवत होता. म्हणजे तो चार जास्त सांगतो.

एक गोष्ट मी त्याला श्रीखंडाच्या वाटीवरच सांगितली होती आणि इथेही सांगतो. ज्या ढिगात गुलाब आणि केशराचे भाऊबंद तयार होतात, त्याच ढिगात जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते निकोटिनसारख्या द्रव्यांशी जुळून नायट्रोसामाइन बनतात. त्यातली दोन, एनएनएन आणि एनएनके, माणसात कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. जळताना बनणारी विषं वेगळीच. धूर छातीत न घेताही सिगारमुळे तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा आणि स्वरयंत्राचा कर्करोग होतो. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. भाचा रोज परळवरून ऑफिसला जातो. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या बाहेर, फुटपाथवर पथारी टाकून बसलेली गावोगावची माणसं तो रोज पाहतो. चवीचं रसायन सांगायचं आणि हे गाळायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. सौम्य सिगारला निर्धोक म्हणता येत नाही. सौम्य हा शब्द फक्त जिभेपुरता आहे.

दुसरी सिगार डब्यात दिवाळीपर्यंत राहिली. दरम्यान त्याने दुसराच अभ्यास केला. रविवारी स्वयंपाकघरातले डबे डोळे मिटून हुंगायचे: जायफळ, कात, गूळ, दाण्याचा कूट, काळा मसाला, कॉफी. वासाला नाव देता येणं ही सवयीची गोष्ट आहे. आपण वास ओळखतो, पण शब्द जिभेवर येत नाही, कारण कधी आणलेलाच नसतो. परदेशी जाणकार 'चामडं' म्हणतात तेव्हा आपण कोल्हापुरी चपलेच्या दुकानात उभं राहावं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, भरपेट फराळानंतर, त्याने ती गॅलरीत पेटवली. मी खिडकी लावून आत बसलो. अर्ध्यावर त्याने ती ठेवून दिली. पुढे पुढे डांबर आणि निकोटिन उरलेल्या पानात साठत जातात, धूर तिखट होतो, हे मी त्याला सांगून ठेवलं होतं. आत येऊन त्याने वही पुढे केली. पेन्सिलीने लिहिलं होतं: आधी शेंगदाणे, टरफलासकट. मग बिनसाखरेची कॉफी. मग मिरी, पण जिभेवर नाही, नाकाच्या वर. चौथ्या ओळीत नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

"हे काय?"

"ओळखीचं आहे. आपल्याच घरातलं आहे. नाव सापडत नाहीये," तो म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडायला लागला.