गिलाव्याखाली चालू राहणारा गंज

बडोद्याच्या मकरपुरा किंवा नंदेसरी भागातल्या एखाद्या जुन्या गोदामात कॉलमचा तळ बारकाईने पाहिला, तर बऱ्याचदा उभ्या चिरा, त्यांतून ओघळलेले तांबूस डाग आणि त्यांवर अलीकडेच लावलेले नव्या सिमेंटचे ठिगळ दिसते. दोन-तीन पावसाळे गेले की त्या ठिगळाच्या कडेलाच नवी चीर उमटते. मालक गवंड्याला बोल लावतो आणि गवंडी सिमेंटच्या गोणीला. पण खरी गफलत बहुतेक वेळा काँक्रीटच्या आत काय चालले आहे हे न पाहताच छिन्नी हातात घेण्यात झालेली असते.

ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, साडेबारा ते तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी परिसरात लोखंडी सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर पाणी आणि प्राणवायू असूनही सळई सहसा गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरत राहतो, तिथल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट करतो आणि सामू नवाच्या खाली आणतो. ही कार्बोनेशनची सीमा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकते. म्हणून ज्या काँक्रीटमध्ये तिला २० मिलीमीटर जायला वीस वर्षे लागली, तिथे ४० मिलीमीटरसाठी सुमारे ऐंशी वर्षे लागतील. बांधताना सळईवरचे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, वीसऐवजी चाळीस मिलीमीटर ठेवले असते तर काय झाले असते, याचा हिशेब इथेच मिळतो.

दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजेच मिठाचा अंश. बडोदे समुद्रकाठी नाही; पण खाऱ्या बोअरच्या पाण्यात काँक्रीट कालवले असेल किंवा गोदामात मीठ अथवा क्लोराइडयुक्त रसायने साठवली असतील, तर तो अंश आत पोचतोच. भारतीय मानक ४५६ नुसार सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. क्लोराइड सामू न उतरवताही तो पापुद्रा जागोजागी फोडते आणि सळईला खड्डे पाडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे सळई आतून फुगते आणि कव्हर सुटून पोपडे पडतात. कॉलमचा तळ आधी का जातो, हे यावरून उमगते: धुतलेल्या फरशीचे पाणी तिथे साचते, आणि ऑगस्ट २०२४ सारखा विश्वामित्रीचा पूर आला की जे कॉलम पाण्यात राहतात, त्यांच्या तळाची ओल दीर्घकाळ हटत नाही.

आता ठिगळाकडे. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. जो भाग झिजतो तो ॲनोड आणि त्याच्या जिवावर शेजारचा जो भाग वाचतो तो कॅथोड. खराब भाग फोडून तिथे ताजे, अल्कधर्मी मॉर्टर भरले की तिथली सळई कॅथोड होते, आणि जिथे क्लोराइड तसेच राहिले आहे तो ठिगळाबाहेरचा भाग नवा ॲनोड बनतो. गंज थांबत नाही, जागा बदलतो. कडेला पडणारी चीर ही याचीच खूण.

म्हणून आधी निदान. हलक्या हातोडीने कॉलम ठोकत गेले की सुटलेल्या कव्हरचा बद्द आवाज लगेच कळतो आणि खडूने त्या जागेभोवती रेघ ओढता येते. नुकत्याच फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन हे सामूनुसार रंग बदलणारे द्रावण शिंपडले, तर निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि कार्बोनेट झालेले रंगहीनच राहते. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजलेले सळईचे विभव, म्हणजे विद्युत-दाब, उणे ३५० मिलीव्होल्टच्याही खाली गेले, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानतात. क्लोराइडसाठी मात्र काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत पाठवावीच लागते. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तंत्रशिक्षणासाठी कलाभवन सुरू केले, तिथे तपासायला जाणकार मिळत नाहीत ही सबब मला तरी पटत नाही.

दुरुस्तीतला कंटाळवाणा भागच सर्वांत मोलाचा आहे. आधी टेकू देऊन कॉलमवरचा भार उतरवावा, कडा कटरने सरळ कापाव्यात आणि काँक्रीट सळईच्या मागे निदान २० मिलीमीटरपर्यंत फोडावे, कारण मागच्या बाजूचा गंज तसाच ठेवून पुढून ब्रश मारण्याला काही अर्थ नाही. सोळा मिलीमीटरची सळई सर्वत्र चौदावर आली असेल, तर तिचे जवळपास पाव क्षेत्रफळ गेलेले असते. अशा वेळी जोड सळई द्यावी लागते. पॉलिमर-मिश्रित मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे काँक्रीट) भरण्यापूर्वी ठिगळाच्या कडेला सळईवर छोटे जस्ताचे ॲनोड बांधता येतात; जस्त स्वतः झिजते आणि शेजारची सळई वाचवते.

लोखंडी शेडची गोष्ट तुलनेने सोपी, पण तिथे घाई पावसाळ्यात नडते. रंग लावताना पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानापेक्षा, किमान तीन अंशांनी जास्त हवे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो, म्हणजे पोलाद किमान २८ अंश तरी हवे. बंद शेडमधले जाड खांब सकाळी बहुधा त्याहून थंडच असतात. अशा वेळी पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि सँडब्लास्टिंग कितीही नीट केले असले तरी वर्षा-दोन वर्षांत रंगाला फोड येतात. फोर्कलिफ्टच्या धडकेने वाकलेला रॅकचा खांब तापवून सरळ करण्याचा मोहही टाळावा. हे खांब थंड अवस्थेत घडवलेल्या पातळ पत्र्याचे असतात, तापवल्यावर त्या घडवणुकीतून आलेली ताकद जाते आणि खांब दिसायला सरळ, पण पूर्वीचा भार पेलायला कमकुवत ठरतो. तो बदलायचाच, आणि बदलेपर्यंत त्या कप्प्यांतला माल उतरवून ठेवायचा.