काय, आराम? सुखाच्या मोजमापाची जुनी गोष्ट, बेळगावातून

बेळगावच्या गणपत गल्लीत ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, आराम?" समोरचा कन्नड असला तर "हेंग अदीरी, आराम?" दोन्हीकडचं उत्तरही तेच, एका शब्दाचं. "तुम्ही आनंदी आहात का?" असं इथं कुणी विचारत नाही. विचारलंच तर माणूस चपापेल, हा विमा विकायला आला की काय म्हणून.

तरी दरवर्षी २० मार्चला फुलांची चित्रं आणि आनंद दिनाच्या शुभेच्छा मोबाइलवर येऊन पडतात. हा दिवस तसा ताजा आहे. भूतानच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जून २०१२ रोजी ठराव केला आणि २०१३ पासून तो पाळला जाऊ लागला. देशादेशांचा आनंद मोजणारा जागतिक अहवालही २०१२ मध्येच पहिल्यांदा निघाला. त्यातला मुख्य प्रश्न शिडीचा. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकणारं सगळ्यात चांगलं आयुष्य, खालची म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर? ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची, १९६० च्या दशकातली. त्यानं ज्या देशांत ती लावून पाहिली त्यांत भारतही होता. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपला नंबर ११८ वा लागला आणि फिनलंड २०१८ पासून सलग पहिला.

आनंदाचा हिशेब मांडायची हौस मात्र आपल्याकडे फार जुनी. तैत्तिरीय उपनिषदात चक्क एकक ठरवलंय. माणूस तरुण, सज्जन, शिकलेला, अंगानं धडधाकट, वर धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. एवढं जमलं की तो मानवी आनंद, एक. तिथून शंभर-शंभरपटीनं गंधर्व, पितर, देव, इंद्र असं चढत जायचं. ही शिडी कँट्रिलच्या शिडीपेक्षा बरीच उंच. गंमत म्हणजे माणसाच्या वरच्या प्रत्येक पायरीला एक पुस्ती जोडलेली आहे, की ज्या वेदज्ञाला हाव शिवलेली नाही त्यालाही हा आनंद तेवढाच. म्हणजे चढणाऱ्यानं चढावं, न चढणाराही तिथंच.

पण रोजच्या जगण्यातलं सुख विचाराल तर मला महाभारतातला यक्ष जास्त जवळचा वाटतो. वनपर्वात तो तळ्याकाठी युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? युधिष्ठिर म्हणतो, ज्याच्यावर कर्ज नाही, ज्याला घर सोडून परमुलखात राहावं लागत नाही आणि जो स्वतःच्या घरी भाजी शिजवतो, तो. भाजी कधी शिजते यावर पाठभेद आहेत. काही प्रतींत पाचव्या किंवा सहाव्या दिवशी, काहींत दिवसाच्या आठव्या भागात, म्हणजे सूर्य कलल्यावर. पाचव्या दिवशी का होईना, पण आपल्या चुलीवर. 'अनृणी' आणि 'अप्रवासी' हे त्यातले दोन शब्द सीमाभागात फिरताना माझी पाठ सोडत नाहीत.

अनृणी म्हणजे काय, हे निपाणीकडच्या तंबाखूवाल्याला विचारावं. पीक आपलं, भाव दुसऱ्याचा आणि उचल आधीच घेतलेली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हे शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. आता हप्ते बचतगटाचे असतात, ट्रॅक्टरचे, पोराच्या फीचे. आराम आहे म्हणणाराही दहा तारखेच्या आत जरा गप्पच असतो.

अप्रवासीचं कोडं याहून अवघड. इथली माणसं कुठं गेलीच नाहीत, सरकली ती सीमा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. मामाचं गाव एका राज्यात, आपलं दुसऱ्या. या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालू आहे. १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीत मराठी माणसांचा काळा दिन. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. माझी आजी तो शेजारच्या अक्कांकडून वाचून घ्यायची. स्वतःच्याच शेताचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हा एक प्रवासच की.

खरं (आम्ही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो), त्या अक्का वाचून दाखवायच्या आणि आजी त्यांना मेतकूट द्यायची, हेही तितकंच खरं. शहरातल्या शहरात सीमा असणं बेळगावला नवं नव्हतंच. संस्थानं होती तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि लागून असलेलं बेळगाव इंग्रजांकडे. लुगडं घ्यायला बाया रोज राज्य ओलांडायच्या. 'समाधान' हा शब्दही दोन्ही भाषांत मनाच्या शांतीसाठीच आहे. हिंदीत तो तोडगा होतो. इथं तोडगा निघालेला नाही, समाधान मात्र लोक करून घेतात.

ते दिसतं थंडीतल्या रविवारी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावानं वर्गणी काढून. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर पुस्तकं घेतलेल्या बाया, लेझीम खेळणारी पोरं. मांडवात म्हातारे फेटे सावरत कथाकथन ऐकतात. पाहुणा पुण्याचा असला तर तो सीमाप्रश्नावर टाळ्या घेतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. गाव मागं राहतं, भांडी घासतं, मांडव सोडतं. मला स्वतःला हा भाषण संपल्यानंतरचा तास जास्त आवडतो.

परवा बाजारात खानापूरकडच्या एका मावशींकडून मेथी घेतली. पाच वाजून गेले होते. टोपलीत दोनच जुड्या उरल्या होत्या. मी दोन्ही मागितल्या, तर एक त्यांनी पदराखाली सरकवली.

"ही न्हाई. ही घरला."

"बाकी आराम?"

"आरामच की. जातो मी, गाडी चुकतीया."

आमच्याकडच्या बाया 'जातो'च म्हणतात. टोपली काखेत मारून त्या बसस्टँडच्या दिशेनं भराभर निघाल्या.