आतड्यातले जिवाणू आणि स्त्रियांचं वजन : पार्श्वभूमी

वजन म्हणजे खाल्लेल्या आणि खर्च झालेल्या उष्मांकांचा हिशेब, असं बराच काळ मानलं गेलं. त्या हिशेबात आतड्यातल्या जिवाणूंना ठळक जागा मिळाली ती २००४ मध्ये. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी ६० टक्क्यांच्या आसपास वाढली. खाणं उलट कमी झालं होतं. अन्नातले आपल्याला न पचणारे तंतू (फायबर) जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारी छोटी मेदाम्लं शरीर ऊर्जा म्हणून शोषून घेतं.

२००६ नंतर ‘फर्मिक्युटीज जास्त, बॅक्टेरॉइडिटीज कमी म्हणजे लठ्ठपणा’ हे सूत्र जगभर पसरलं. ही आतड्यातल्या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांची नावं. त्यामागची माणसांवरची पाहणी अवघ्या १२ जणांची होती. २०१६ मध्ये दहा अभ्यासांची माहिती एकत्र तपासल्यावर या गुणोत्तराचा ठोस संबंध दिसला नाही. जिवाणूंच्या विविधतेचा दिसला, तोही क्षीण. निव्वळ या गुणोत्तरावरून वजनाचं कारण सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नयेत.

स्त्रियांबद्दलचा खरा ऐवज जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून आला. २०१३ मध्ये एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींच्या चार जोड्या निवडल्या आणि त्यांच्या विष्ठेतले जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. त्यामुळे सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्याच्या आतड्यात शिरले आणि चरबी वाढणं थांबलं. मात्र खाद्यात स्निग्ध पदार्थ जास्त आणि तंतू कमी ठेवले, तेव्हा ते जिवाणू रुजलेच नाहीत. या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा आम्हाला हाच वाटतो.

गरोदरपणाने चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. ९१ गर्भवतींच्या २०१२ मधल्या अभ्यासात शेवटच्या तिमाहीतले जिवाणू दिलेल्या उंदरांची चरबी पहिल्या तिमाहीतले जिवाणू मिळालेल्यांपेक्षा जास्त वाढली. एरवी आजाराचं लक्षण वाटावं असा हा बदल गर्भाला ऊर्जा पुरवण्यासाठी उपयोगी असू शकतो. इस्ट्रोजेनचाही धागा आहे. यकृत हे संप्रेरक बांधून पित्तातून आतड्यात सोडतं. काही जिवाणूंचं विकर (एन्झाइम) ती गाठ सोडवतं आणि त्यातलं काही पुन्हा रक्तात जातं. पण यावरून वजन उतरवण्याचा उपाय सांगणं घाईचं आहे.

रोजच्या जगण्यात करण्यासारखं म्हणजे तंतू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सुचवते. कडधान्यं, भाज्या, सबंध धान्यं, अख्खी फळं यांतून ते मिळतात. एकदम दुप्पट केले की पोट फुगतं, वायू धरतो, आणि चौथ्या दिवशी सगळं सोडून दिलं जातं. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवावेत, सोबत पाणीही.

व्यायामाचा परिणामही मोजला गेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठं काम करणाऱ्या ३२ जणांनी आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ६० मिनिटं, सहा आठवडे व्यायाम केला. छोटी मेदाम्लं वाढली, ती मुख्यतः सडपातळ लोकांत. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवल्यावर बहुतेक बदल ओसरले.