सुटलेल्या सेन्सरची हाताळणी (स्पर्धेतील रोबो)

स्पर्धेतील रोबोच्या एखाद्या सेन्सरची तार निघाली, सैल झाली किंवा तुटली, तरी रोबोने बेफाम न होता सुरक्षितपणे थांबावे अशा बेताने प्रोग्राम लिहिण्याची ही पद्धत आहे.

सुटलेला सेन्सर गप्प बसत नाही, तो खोटे बोलतो, ही यातली खरी अडचण होय. आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनवर (सेन्सरचा कमी-जास्त होणारा व्होल्टेज वाचणाऱ्या जोडणीवर) 0 ते 1023 या दरम्यानचे मूल्य मिळते; तार निघाल्यावर तीच मोकळी पिन आसपासच्या विद्युत गोंगाटामुळे कोणतेही मूल्य दाखवू शकते आणि प्रोग्राम ते खरे मानून चालतो. एचसी-एसआर04 या, ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरकडून प्रतिध्वनीचा संकेतच न आल्यास, त्या संकेताचा कालावधी मोजणारे ‘पल्सइन’ हे फंक्शन 0 परत करते, पण त्याआधी, मुदत ठरवून दिली नसेल तर, पूर्ण 1 सेकंद खोळंबून राहते, आणि तेवढा वेळ मोटारी आधीच्याच वेगाने फिरत राहतात. या सेन्सरचा पल्ला 2 ते 400 सेंटिमीटर असल्याने सुमारे 30 मिलिसेकंदांची मुदत पुरते आणि 0 हे अंतर न मानता दोष मानावे लागते.

सर्वाधिक धोका एन्कोडरचा, म्हणजे मोटार किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचा. त्याची तार निघाली की पीआयडी नियंत्रकाला (हवी ती आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक पाहून मोटारीचा जोर ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या भागाला) मोटार थांबलेलीच दिसते, म्हणून तो जोर वाढवत नेतो. रोबोचा हात टोकाला आदळतो, गिअर तुटतात, जवळ उभ्या विद्यार्थ्याची बोटेही सापडू शकतात. मोटारीला पुरेसा जोर देऊनही ठरावीक काळात एन्कोडरची मोजणी बदलली नाही, तर वीज तोडणे हाच उपाय. मोटार खरोखर अडकली असली तरीही तोच योग्य ठरतो.

मर्यादा-स्विचसाठी, म्हणजे हात टोकाला पोचल्यावर दाबल्या जाणाऱ्या स्विचसाठी, एरवी जोडलेला राहणारा, दाबल्यावर जोडणी तोडणारा स्विच पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसवून अंतर्गत पुल-अप (मोकळ्या पिनला ‘हाय’ ठेवणारा रोध) चालू ठेवतात, त्यामुळे स्विच दाबला काय किंवा तार तुटली काय, पिनवर ‘हाय’ (उच्च व्होल्टेज) येऊन प्रोग्राम मोटार थांबवतो. सोलापूरच्या यंत्रमागांवर वाढलेल्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल: तेथील काटा बाण्याचा (आडवा) धागा चाचपत असतो, आणि धागा हाती लागला नाही की माग थांबवतो. धाग्याचे नसणे हीच तेथे थांबण्याची खूण असते.

चाचणीसाठी रोबोची चाके जमिनीपासून उचलून, प्रोग्राम चालू असताना एकेका सेन्सरची तार काढून पाहतात. सैल तार पुन्हा टेकताच रोबोने आपोआप धावू नये, म्हणून दोष एकदा नोंदला गेला की चालकाने स्वतः रीसेट करेपर्यंत तो कायम ठेवतात.