पावसाळ्यानंतरची मोटारीची सफाई (गोवा)

पावसाळा सरल्यावर मोटारीत व मोटारीवर साचलेला चिखल, क्षार, बुरशी आणि गंज काढून रंगावर नव्याने संरक्षक थर चढवण्याचे काम. थंड हवेच्या देशांत हेच काम हिवाळा संपता संपता करतात. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, पण चाकांनी उडवलेले ते खारे पाणी गाडीच्या तळाला बसून पत्रा खाते. गोव्यात मीठ येते ते समुद्रावरच्या वाऱ्यातून. मिरामार, कोलवा, मोरजी भागांतल्या गाड्यांवर त्याचा थर बाराही महिने बसतो. त्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर. मीठ हवेतली ओल ओढून धरते, त्यामुळे पाऊस थांबला तरी तळाचा पत्रा ओलाच राहतो.

मळ गावागणिक बदलतो. जांभ्याची तांबडी माती सगळीकडेच. तिच्यातल्या लोह-ऑक्साइडमुळे पांढऱ्या गाडीच्या मडगार्डच्या आतला भाग विटकरी होतो. डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या खाणपट्ट्यात खनिजवाहू ट्रकांची धूळ, तर वास्कोत मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाची भुकटी. ही धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक अशा पुसण्याचेच.

कामाची सुरुवात तळापासून करावी. वॉशिंगला दिलेली गाडी वरून चकचकीत होऊन येते आणि खाली चिखल तसाच राहतो, हे फार वेळा घडते. गाडी रॅम्पवर घेऊन चाकांच्या कमानी, सायलेन्सरच्या वरची पोकळी, सस्पेन्शनचे सांधे इथला घट्ट झालेला चिखल आधी भिजवून मग प्रेशरने काढतात. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून जोराचा फवारा मारू नये. दाराच्या खालच्या कडेला, रबराच्या आतल्या बाजूस, पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात. मातीने ती बुजतात. लाकडी काडीने हळूच मोकळी केली की कधी कधी आतून तांबड्या पाण्याची धार लागते. ते पाणी पावसाळाभर दारातच साठलेले असते, आणि दार आतून कुजते ते असे. समोरच्या काचेखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळाही याच वेळी काढावा.

तळ पूर्ण सुकल्यावरच गंजाकडे वळावे. फुगलेला रंग खरवडून, गंजरोधक रसायन लावून, प्रायमर व रंग देतात. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर थेट काळे अंडरकोटिंग (तळाला मारायचा जाड संरक्षक लेप) मारणे ही सर्वांत घातक सवय आहे. ओल आत कोंडली जाते आणि वरून सारे ठीक दिसत असताना पत्रा झिजत जातो.

आतल्या भागाचा शत्रू बुरशी. स्टिअरिंगवर, सीटच्या शिवणीत पांढरी पूड दिसते; सीटबेल्ट मात्र कोणी पूर्ण बाहेर ओढून बघत नाही. तो ओढून सौम्य साबणाने पुसावा व सुकल्यावरच आत सोडावा. ब्लीच वापरू नये, धागे कमजोर होतात. मॅटच्या खालचे जाड अस्तर वरून कोरडे वाटले तरी दाबल्यावर पाणी सोडते, म्हणून मॅट काढून, दारे उघडी ठेवून गाडीला ऊन द्यावे. एसी लावताच येणारा कुबट वास थंड करणाऱ्या कॉइलवरच्या ओलीतून व केबिन फिल्टरमधून, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीतून, येतो. सुगंधी बाटली टांगून तो जात नाही. फिल्टर बदलावा लागतो.

बाहेरची धुलाई सावलीत, वरून खाली, दोन बादल्या घेऊन करतात: एकीत शांपू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधे पाणी. धुतल्यावर हातात प्लास्टिकची पिशवी घालून रंगावर फिरवली की रुतलेले कण खरखरीत लागतात. ते विशेष क्लेने, म्हणजे कणकेसारख्या मऊ गोळ्याने, काढतात. पॉलिश दर वर्षी करण्याची गरज नाही. वरचा पारदर्शक थर काही दशमांश मिलिमीटरही नसतो आणि प्रत्येक पॉलिशने तो आणखी पातळ होतो. वॅक्स किंवा सीलंट (रंगावरचा संरक्षक थर) मात्र जरूर द्यावे.

हे काम बहुधा दसऱ्याच्या आधी उरकतात, कारण खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा होते. ऑक्टोबरात विजांसह परतीचा पाऊस येतो, तेव्हा आतली सफाई आधी करून वॅक्स तो गेल्यावर द्यावे हे बरे. झेंडूची माळ तारेऐवजी दोऱ्याने बांधावी. बॉनेटवर उडालेले नारळाचे पाणी आणि लिंबाचा रस त्याच दिवशी धुवावा, दोन्ही आम्लधर्मी असतात. हळदीचा पिवळा डाग उन्हाने फिका पडतो, कुंकवाचा मात्र घासण्याआधी भिजवावा लागतो. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा तळ पुढेही दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुतात. सत्तरीसारख्या आतल्या भागात महिन्याने धुतला तरी चालतो.